दाराच्या आतली बाजू

मार्च अर्धा सरला आणि परवा दुपारी कॉलेजच्या आवारात उभी केलेली गाडी उघडून आत बसलो, तेव्हा डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून ओळखीचा आवाज आला. कट्. वाळकी काडी मोडावी एवढाच. वाकून पाहिलं, तर एसीच्या जाळीपासून पुढच्या काचेकडे निघालेली केसाएवढी चीर. म्हणजे उन्हाळा आला. काही लोकांना तो कोकिळेमुळे कळतो, काहींना मोगऱ्यामुळे. मला प्लास्टिक कळवतं.

छत्रपती संभाजीनगरचा उन्हाळा गाडीच्या आत बसूनच समजून घ्यावा. बाहेर तो निदान पसरलेला असतो. आत त्याला चार काचांत कोंडलेलं असतं. स्टिअरिंग ओल्या नॅपकिननं धरायचं, पट्ट्याचं लोखंडी टोक दंडाला लागणार नाही अशा बेतानं ओढायचं, चारही काचा खाली करायच्या आणि दार चार वेळा उघडमीट करून आतली हवा बाहेर हाकलायची. हे मी इतक्या गांभीर्यानं करतो की लांबून पाहणाऱ्याला त्यामागं काही शास्त्र असावं असं वाटेल. त्यात तो वास. तापलेल्या प्लास्टिकचा, थोडा गोडसर, थोडा घशात बसणारा. लोक त्याला नव्या गाडीचा वास म्हणतात, आणि गाडी जुनी झाली की तसल्या वासाची बाटली आणून आरशाला टांगतात. मला तो वास आला की खुंटीला लटकवलेला एक खाकी शर्ट दिसतो.

तो शर्ट अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. गंगापूरकडच्या कपाशीच्या रानातून उठून ते थेट वाळूजच्या एका कारखान्यात प्लास्टिक ओतणाऱ्या मशीनसमोर उभे राहिले आणि एकतीस वर्षं तिथंच उभे होते. पहिली पाळी करून चार वाजता घरी यायचे. उन्हाळ्यात त्यांचा शर्ट पाठीवर मिठाचा नकाशा घेऊन यायचा. खिशात माझ्यासाठी साच्यातून निघालेल्या टाकाऊ काड्या असायच्या. लाल, निळ्या, एका देठाला चार फांद्या फुटलेल्या. मी त्या अंगणातल्या मातीत रोवून बाग करायचो. ती बाग कधी सुकली नाही, हे त्या बागेचं एकमेव वैशिष्ट्य. घरातली बादली, मग, डबे, चाळणी, सगळं कारखान्यानं नाकारलेलं. कशाची कड वाकडी, कशावर रंगाचा ढग. शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी नुसतं ‘नोकरी’ लिहायचो आणि पुढचा रकाना पटकन भरायचो.

पुढं मी इतिहासाचा प्राध्यापक झालो. एका सुलतानानं दिल्लीहून दौलताबादला राजधानी कशी हलवली, हे मी दर वर्षी दोन तास घेऊन सांगतो. वडील वाळूजमध्ये रोज नेमकं काय करत होते, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत विचारावंसं वाटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र विचारावं लागलं. तेही अगदी उशिरा, बाकी सगळ्यांना विचारून झाल्यावर.

आमची गल्ली पुंडलिकनगरातली. तिथं एक कडुलिंब आहे आणि गाड्या नऊ. रस्त्यावर ठोकळे बसवताना त्या झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊन भिडवलं होतं, तरी ते चिवटपणानं सावली देतं. एका वेळी अडीच गाड्यांना. बाकीच्या साडेसहा गाड्यांचे मालक सकाळी आठलाच खिडकीत येऊन उभे राहतात. सुशिक्षित माणसं सावलीसाठी काय काय करतात, हे पाहायचं असेल तर एप्रिलमध्ये या. कुणी स्कूटर आडवी लावतं, कुणी कुंडी आणून ठेवतं. एका निवृत्त अभियंत्यांनी तर झाडाखाली चक्क खुर्ची टाकून पेपर वाचायला सुरुवात केली होती. माझी गाडी बारा वर्षांची, तिचा मालक त्याहून सुस्त, म्हणून आम्ही दोघं कायम उन्हात.

एप्रिलमधल्या एका रविवारी गंगापूरहून परत आलो होतो. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी अण्णांना गंगापूरला न्यायचो. तिथं त्यांची थोरली बहीण राहते, माझी आत्या. ती ऐंशीच्या पुढं, ते पंचाहत्तरीचे. तिचे गुडघे गेलेले, यांचा खुबा गेलेला, त्यामुळं एस्टी दोघांनाही बंद. दोन तास ते समोरासमोर बसत आणि फारसं काही बोलत नसत. निघताना आत्या म्हणायची, “ये रं बाबू.” पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला बाबू म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

घरासमोर गाडी थांबली. त्या दिवशी आठवडाभरानं नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडं पाणी येणं हा सार्वजनिक समारंभ असतो. अख्खी गल्ली पाइप आणि मोटारी घेऊन बाहेर. अण्णांनी दाराच्या आतल्या कप्प्याला, जिथं हात घालून दार ओढतात तिथं, दोन्ही हातांनी धरलं आणि उठायला जोर लावला. कट्. कप्प्यापासून खालपर्यंत वीतभर भेग गेली आणि आतला पिवळट स्पंज दिसायला लागला.

मी उन्हानं वैतागलेलो होतो. हे कारण नाही, पण तसं होतं. “अण्णा, किती वेळा सांगितलं, दाराला लोंबकळत जाऊ नका! काही कळतं का तुम्हाला?”

गल्लीतला आवाज एकदम कमी झाला. मोटारी चालू होत्या, माणसं थांबली. अण्णांनी भेगेवर तळहात ठेवला, जणू झाकता येईल. मग काठी घेतली आणि एकेक पायरी चढत वर गेले.

पुढच्या वेळी रविवार आला तेव्हा म्हणाले, “आज नको. ऊन लई हाय.”

त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले, “मला काम हाय.” पंचाहत्तरीच्या निवृत्त माणसाला रविवारी काय काम असतं? ते दिवसभर खिडकीशी बसून होते.

माझी बायको शुभांगी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “ते ऊन-बिन काही नाही. गाडी दुरुस्त करून आण आधी. त्यांना वाटतंय आपण नुकसान केलं.”

“मी कुठं नुकसान म्हणालो?”

“तू काय म्हणालास ते सगळ्या गल्लीनं ऐकलंय. मला नको सांगू.”

आणि आत्याचा फोन. आत्या फोनवर ओरडते, कारण गंगापूर लांब आहे. “काय रं सुधीर, बाबू का येईना? गाडी मोडली म्हनं?”

“गाडी नाही मोडली आत्या. दाराचं प्लास्टिक फुटलंय.”

“मंग चाकं हायेत ना?”

“आहेत.”

“इंजान?”

“आहे, आत्या.”

“मंग प्लास्टिकावर बसून येता का रं तुमी?”

एका फुटक्या पत्र्याएवढ्या वस्तूपायी दोन म्हातारी माणसं एकमेकांना भेटत नव्हती आणि ती वस्तू दुरुस्त करणं हे इतिहासाच्या प्राध्यापकाकडं आलेलं काम होतं.

सुरुवात कंपनीच्या शोरूमपासून केली. तिथल्या गारव्यात शिरल्यावर माणसाला स्वतःच्या घामाची लाज वाटते. मी पोचलो तेव्हा एका कुटुंबाला नवी गाडी देण्याचा सोहळा चालला होता. गाडीवर लाल मखमली कापड, बाजूला फुगे, टेबलावर केक, आणि वडिलांच्या हातात पुठ्ठ्याची चार फुटी किल्ली. निवेदिकेनं आकडे उलटे मोजले, कापड ओढलं गेलं, टाळ्या झाल्या. मी दरबारांबद्दल शिकवतो. वस्त्रं, नजराणे, ललकाऱ्या, सगळं ओळखीचं वाटलं. फरक इतकाच की इथं प्रजेनंच पैसे भरून स्वतःचा राज्याभिषेक करून घेतला होता. आतल्या सीटांवर पारदर्शक पन्नी होती आणि आईनं मुलांना बजावून सांगितलं, “पन्नी काढायची नाही हं कुणी.” ती पन्नी पाच वर्षं तरी निघणार नव्हती. आमच्याकडं माणसं वस्तू विकत घेतात आणि तिच्या वेष्टनावर बसतात.

काळ्या कोटातल्या एका तरुणानं मला कॉफी दिली, माझ्या मोबाइलवरचा भेगेचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि शोकसंदेश द्यावा तशा आवाजात म्हणाला, “सर, ही डोअर ट्रिम आता येत नाही. मॉडेल बंद झालंय.”

“दुरुस्त करता येईल?”

“रिपेअर आपण करत नाही सर. आपण रिप्लेस करतो.”

“पण रिप्लेस करायला येतच नाही म्हणालात.”

“बरोबर आहे सर.” तो मनापासून हसला. “सर, एक्स्चेंजचा विचार केलाय का?”

मी कॉफी संपवून बाहेर पडलो. एकतीस वर्षं वाळूजमध्ये उभं राहून अण्णांनी कसल्या कसल्या कंपन्यांचे भाग ओतले असतील, असा एक विचार मला त्या काचेच्या दारात चाटून गेला. पण बाहेरच्या उन्हात तो टिकला नाही. तो टिकला नाही याचा आजही मला स्वतःचा राग येतो. अण्णांना विचारायचं, तर तिथून घर पंधरा मिनिटांवर होतं.

मग कुणीतरी एक स्टुडिओ सुचवला. हल्ली गाडी धुण्याच्या दुकानाला स्टुडिओ म्हणतात. आत निळे दिवे, भिंतीवर इंग्रजी वाक्यं आणि मालकाच्या हातात शल्यविशारदासारखे काळे मोजे. त्यानं माझ्या दाराकडं पाहून डोळे बारीक केले. “सर, काम झाल्यावर तुम्हाला स्वतःला सापडणार नाही क्रॅक कुठं होता ते.”

मला हे ऐकून बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. थाटामाटावर तिरकस बोलण्यात माझी हयात गेली, पण माझ्या गाडीच्या दारावरचा डाग दिसू नये, एवढी एक हौस मी कुठंतरी जपून ठेवलेली होती. शिवाय मनात असा हिशेबी विचार की अण्णांना भेग दिसलीच नाही, तर भेग झाल्याचंही ते विसरतील. दाराइतक्याच सहजतेनं माणसावरही रंग मारता येतो, असं मला वाटलं असावं.

चार दिवसांनी गाडी मिळाली. खरोखर, भेग कुठं होती ते सापडेना. भरून, घासून, तसाच खरखरीत पोत उठवून वर करडा रंग दिलेला. मी अण्णांना गॅलरीत बोलावून वरूनच दाखवलं. “बघा, होतं तसं झालं.”

ते कठड्यावरून वाकून बराच वेळ पाहत राहिले. “बरं,” म्हणाले.

रविवारी त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला, टोपी घातली. आत्यासाठी शुभांगीनं धपाटे बांधून दिले होते. सकाळचे साडेनऊ वाजले होते, पण मे महिन्यातलं साडेनऊ म्हणजे इतर महिन्यांतली दुपार. गाडी दोन तास उन्हात तापून निघालेली. अण्णा बसले. मला दिसलं की ते दाराला हात लावायचं टाळत होते. सदरा सावरून, काठी पायांत धरून, अंग चोरून बसलेला माणूस. पण दार तर लावायला हवं. त्यांनी दोन बोटं कप्प्यात घातली आणि अगदी हळू, झोपलेल्या पोराचं पांघरूण ओढावं तितक्या हळू, दार ओढलं.

कट्.

भेग होती त्याच जागी उघडली. वरचा रंग पापुद्र्यासारखा उभा राहिला. स्टुडिओत भरलेलं ते पांढरं काहीतरी भुगा होऊन त्यांच्या सदऱ्यावर पडलं.

या खेपेला मी ओरडलो नाही. पण अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि तिथं काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी धपाट्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. “तू जाऊन ये. आक्काला दे. म्हणावं तब्येत बरी नाय.” आणि उतरले. उतरताना हात कुठंच टेकवला नाही. खुब्यावर किती जोर आला असेल ते त्यांनी ओठ आवळून गिळलं.

मी एकटा गंगापूरला गेलो. आत्यानं डबा घेतला, उघडला नाही. “तब्येत बरी नाय म्हनं,” ती म्हणाली. “माझ्याशी खोटं बोलायला तुला धाडलं व्हय?” मग रस्त्याकडं वळून बसली. वडापची एक जीप गच्च भरून गेली. “पुढच्या उन्हाळ्याला मी कुठं आसंल,” ती सहज म्हणाली. तिच्यापुढं वीज गेल्यानं बंद पडलेला पंखा होता आणि बाजूला माठ. मी माठातलं पाणी काढून तिला दिलं आणि निघालो.

परत येताना मी ठरवलं की आता कुणाकडं जायचं नाही, आपणच करायचं. पुस्तकं वाचलेल्या माणसाची ही जुनी खोड. हातानं कधी काही केलेलं नसतं, म्हणून सगळं सोपं वाटतं. मोबाइलवर एक माणूस झटपट चिकटणाऱ्या गोंदात खायचा सोडा मिसळून जगातलं सगळं जोडत होता. मी दुपारी उलथनं घेऊन खाली गेलो. दाराचं पॅड, म्हणजे आतलं ते प्लास्टिकचं आवरण, क्लिपांवर बसवलेलं असतं. उलथनं घालून उचकटलं. सहापैकी चार क्लिपा तुटल्या. पॅड घेऊन वर आलो, दिवाणावर पेपर पसरला, स्वयंपाकघरातून सोड्याचा डबा आणला.

अण्णा झोपेतून उठून बाहेर आले. दिवाणावर आडवं पडलेलं ते पॅड बघून उभेच राहिले.

“हे आख्खं निघतं,” मी त्यांना समजावून सांगितलं. “सगळं क्लिपांवर असतं, अण्णा.”

ते माझ्याकडं बघत राहिले. आज तो क्षण आठवला की मला पायांखालच्या फरशीत शिरावंसं वाटतं. एकतीस वर्षं ज्यानं हेच केलं, त्याला मी क्लिपा शिकवत होतो.

ते काठी टेकवून बसले. चष्मा लावला. पॅड हातात घेतलं आणि उलटं केलं. बाहेरची बाजू करडी, मऊ, सभ्य. आतली काळी, उघडी, आडव्याउभ्या फासळ्यांची, मध्येच उठवलेली अक्षरं. त्या बाजूकडं मी एकदाही पाहिलं नव्हतं. शोरूमनं फोटो पाहिला, स्टुडिओनं तोंड पाहिलं. अण्णांचा अंगठा फासळ्यांवरून सरकत गेला आणि एका जागी थांबला.

“गेट हितं हाय,” ते म्हणाले. “हितून वितळलेला माल साच्यात जातो.” अंगठा पुढं निघाला. “हे हँडलाचं भोक. माल याच्या दोन्हीकडून वळसा घालून येतो आन् पलीकडं भेटतो. हितं. ही बघ रेघ.”

मी पाहिलं. केसासारखी रेघ होती. भेग बरोबर तिच्यावरून गेली होती. इकडं नाही, तिकडं नाही.

“माल गरम आसंल तर भेटला की एकजीव होतो. थंड आसंल तर नुसता टेकून बसतो. वरून कळत नाय. वरून लई भारी दिसतंय.” त्यांनी चष्मा काढला. “हे पहिल्या दिवसापासून फुटलेलंच हाय, सुधीर. मी धरलं नसतं तर सूनबाईनं धरलं असतं. कुणीच धरलं नसतं तर उन्हानं उघडलं असतं.”

दीड महिना वाकलेला तो माणूस हे बोलताना सरळ बसला होता. मला वाटलं, आता ते हसतील. पण ते पॅडकडंच बघत, मी विचारलेलं नसताना, पुढं बोलायला लागले.

“मे महिन्यात आमच्याकडं बी हेच. साचा गार ठेवायचं पाणीच गरम यायचं. पार्ट लवकर गार होईना आन् नगांचा आकडा तर गाठायचा. मंग आमी मालाचं तापमान उतरवायचो. कमी तापवला की लवकर गार. तपासणारा वरून बघायचा. वरून चकचकीत. मारायचा शिक्का.”

“तुम्ही सांगितलं नाही कुणाला?”

“सांगायचं काय? बटण माझ्याच हाताखाली व्हतं.” बाहेर कुणाचा तरी टँकर मागं येताना वाजत होता. “कुणाकुणाच्या दारात बसला आसंल तो माल. कुणी कुणाला वरडलं आसंल.”

मी सोड्याच्या डब्याचं झाकण उघडं धरून तसाच उभा. त्यांचं लक्ष डब्याकडं गेलं.

“ते काय?”

“खायचा सोडा. गोंदात घालून—”

“भज्यात घाल. याला गोंद लागत नाय. हे बघ, प्लास्टिकाची जात लिव्हलीय हितं.” मागच्या अक्षरांवर त्यांनी नख मारलं. “याला वितळवूनच जोडावं लागतं.”

“अण्णा, हे आधी का नाही सांगितलं तुम्ही?”

“तू मला दावलं कधी? दार गाडीत, गाडी दुकानात.” मग खाली बघत म्हणाले, “आन् तू रागात व्हतास.”

माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. मी चहा ठेवला. साखर दोनदा पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पॅड मांडीवर आडवं घेऊन रिक्षानं मेकॅनिकांच्या गल्लीत गेलो. गाडीत बसायला अण्णा अजून तयार नव्हते. तिथं रफीकभाई म्हणून एक बंपर जोडणारे बसतात. फाटक नाही, पाटी नाही. एक पत्रा, एक पंखा, आणि मागं फुटक्या बंपरांचा ढीग. त्यांनी स्टुडिओतली करामत नखानं खरवडली. “ये किन्ने करा? इसकू तो पावडर लगाई है, साब. चेहरे कू लगाते वैसी.”

“ते सोडा. होईल का?”

“होता ना. पन पैले बोलो. दिखने कू होना, के पकडने कू होना?”

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर ‘दोन्ही’ म्हणणार होतो.

“पकडायला,” अण्णा म्हणाले.

मग पुढचा तासभर मला तिथं काही स्थान नव्हतं. रफीकभाईंनी तापलेली कांडी घेतली तसे अण्णा म्हणाले, “आधी खाच पाडा. दोन्हीकडून, तिरकी.”

“हौ चचा, वोईच कर रां.”

“आन् भेगेच्या टोकाला भोक. नायतर ती पुढं पळंल.”

रफीकभाईंनी मान वर केली. “कंपनीवाले क्या तुम?”

“व्हतो.”

“तो ऐसा कच्चा माल कायकू बनाते जी तुम लोगां?” ते हसत म्हणाले.

अण्णा हसले नाहीत. “चुकलं,” म्हणाले. एवढंच. रफीकभाईंना ते थट्टेतलंच वाटलं. त्यांनी तारेची जाळी कापली, मागच्या बाजूनं तापवून प्लास्टिकमध्ये बुडवली, ढिगातल्या त्याच जातीच्या बंपरची पट्टी कापून तिची वितळलेली धार खाचेत भरत नेली. वास उठला. तोच. अण्णांनी पुढं वाकून तो छातीत घेतला आणि म्हणाले, “जरा जास्ती तापवा. अजून. आता बरोबर.” घाम त्यांच्या कानामागून वाहत होता आणि त्यांना पंख्याची आठवण नव्हती.

जोड दिसतो. चांगलाच दिसतो. करड्या पॅडवर वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी काळी, गाठीगाठींची रेघ. मला ती आजही खुपते, दार उघडताना डोळा तिथंच जातो आणि ज्याला ज्याला गाडीत बसवतो त्याला मी न विचारता खुलासा देत बसतो. माझ्या हौशीचं हे असं आहे.

त्या रविवारी अण्णा गाडीत बसले. आधी उभं राहून त्यांनी जोड धरून एकदा, दोनदा हिसका दिला, आणि मग सगळा भार टाकून आत आले. गंगापूरपर्यंत उसाच्या रानांवर ऊन पांढरं पडलं होतं. अण्णांनी कोपर दारावर टेकवलेलं होतं.

आत्याच्या दारात वीज नव्हतीच. पत्रे तापून तडतडत होते. आम्ही थांबलो तशी ती भिंतीला धरत बाहेर आली, अण्णांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “आलास व्हय. मला वाटलं माझ्या दहाव्यालाच येतो.”

“गाडी दुरुस्तीला व्हती, आक्का.”

“गाडीत गार हवा हाय म्हनं?”

“हाय की.”

“मंग उतरू नको. सरक तिकडं. घरात भट्टी झालीया.”

मागचं दार उघडायला मी उतरून पुढं झालो, तर तिला पुढचंच हवं होतं. अण्णा कसेबसे चालकाच्या जागी सरकले. आत्यानं दाराच्या कप्प्यात दोन्ही हात घातले, नेमके जोडावर, आणि ऐंशी वर्षांचं सगळं वजन त्यावर टाकून एक पाय आत घेतला. माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं.

“धर आक्का,” आतून अण्णा म्हणाले. “जोरात धर. काय होत नाय.”

ती आत बसली, धाडकन दार लावलं, आणि काच वर गेली. इंजिन चालू, आत दोघं, बाहेर मी. सावली नव्हती. पलीकडच्या बंद टपरीच्या पत्र्याला हातभर छाया होती, तिथं जाऊन भिंतीला चिकटून उभा राहिलो. काचेतून दिसत होतं की नेहमी गप्प बसणारी ती दोघं बोलत होती. एकदा अण्णा हातवारे करून काहीतरी सांगत होते, एकदा आत्या पदरानं डोळे पुसत होती, की घाम, ते कळलं नाही. पाऊण तासानं माझं डोकं गरगरायला लागलं. जाऊन काचेवर टकटक केलं.

काच दोन बोटं खाली आली. आतून गार हवेचा एक झोत माझ्या तोंडावर आला.

“काय रं?” आत्या म्हणाली.

“निघायचं का, म्हटलं.”

“थांब की जरा भाईर. आमचं झालं नाय अजून.” आणि तिनं काच वर केली.